शाहीर असून एकही मंत्र नाही! 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' पाहिलेल्यांनो, या भांडायला

आयर्विनखाली (धागाकर्ता)

२०२३ साली आलेला 'डंजन्स अँड ड्रॅगन्स: ऑनर अमंग थीव्ज' गेल्या शनिवारी सांगलीच्या विश्रामबागेत आमच्या घरी दुसऱ्यांदा पाहिला. बघायला पाच जण. आम्ही तिघं दर शनिवारी हा खेळ खेळणारे. चौथी बायको, तिला या खेळाबद्दल एवढंच माहीत, की रविवारी सकाळी भांडी जास्त असतात. पाचवे शेजारचे काका, भडंग खायला आले आणि बसले ते बसलेच. निकाल असा की काका आणि बायको पोट धरून हसले, आणि आम्ही तिघं रात्री एकपर्यंत भांडलो. तेच भांडण इथं घेऊन आलोय.

खेळ माहीत नसणाऱ्यांसाठी दोन ओळी. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी तो काढला. एक जण गोष्ट सांगतो, त्याला डंजन मास्टर म्हणतात. बाकीचे एकेक पात्र घेतात आणि आपलं पात्र आता काय करतंय ते तोंडानं सांगतात. जमलं का नाही, ते वीस बाजूंचा फासा सांगतो. बस्स.

माझं म्हणणं, सिनेमा खेळाला इमान राखून आहे, पण नियमांच्या बाबतीत नव्हे. सुरुवातच घ्या. एडगिन (क्रिस पाइन) आणि होल्गा (मिशेल रॉड्रिगेज) तुरुंगात असतात. माफी द्यायची का नाही हे ठरवणाऱ्या मंडळापुढं एडगिन आपली कर्मकहाणी लांबवत बसतो, कारण मंडळातला पक्षीमाणूस अजून आलेला नसतो. तो आला रे आला, की हे दोघं त्याला कवटाळून खिडकीतून उडी टाकतात. आणि मागं कळतं, माफी मंजूरच झाली होती! आमच्या टेबलावर हे महिन्यातून एकदा होतं. तीन तास बेत आखायचा आणि शेवटी कळायचं, दाराला कडीच नव्हती.

दुसरा तो पूल. गंभीर चेहऱ्याचा झेंक समजावतोय, कुठल्या दगडावर कसा पाय टाकायचा. तेवढ्यात टोळीतला जादूगार सायमन, त्याचा पाय एका दगडावर पडतो आणि अख्खा पूल खाली. मग होल्गाच्या हातातली काठी, जी ती उगाच वागवत होती, ती म्हणे दारं उघडणारी जादूची काठी निघते. डंजन मास्टरनं दोन दिवस घालवून रचलेलं कोडं खेळाडूंनी पहिल्याच मिनिटात मोडलं, आता बिचारा घाम पुसत त्यांना पलीकडं जायची वाट काढून देतोय, असं ते दृश्य आहे. दोन दिग्दर्शकांपैकी एक पोरसवदा वयात अमेरिकेतल्या एका मालिकेत हाच खेळ खेळणाऱ्या पोरांपैकी एक होता. उगाच नाही जमलं हे.

तर बोला. आमच्यातला 'वीसपैलू' इथं येणारच आहे, त्याला घरी बोलू दिलं नाही पुरेसं.

वीसपैलू

आलो. धागाकर्ता मित्र आहे, शनिवारी त्याच्याच घरचा चहा पितो, तरी असहमत.

एडगिन बार्ड आहे. बार्ड म्हणजे आपल्याकडचा शाहीर समजा. त्याच्या गाण्यातच जादू असते. खेळात पहिल्या पातळीपासून त्याला मंत्र मिळतात. हा गडी दोन तास वीणा घेऊन फिरतो आणि एकही मंत्र टाकत नाही. वीणेचा उपयोग काय, तर समोरच्याच्या डोक्यात हाणायला. आता डोरिक. ती ड्रुइड, जनावराचं रूप घेते. नियमानं दोनदा रूप बदललं की विश्रांती घ्यावी लागते. ही किल्ल्यातून पळताना माशी, उंदीर, मांजर, हरीण, जे सुचेल ते होत सुटते. आणि तिचं ते घुबड-अस्वल, ज्यावर सगळे फिदा! औलबेअर हे खेळाच्या लेखी जनावरच नाही, राक्षसी प्राण्यांत मोडतं. ड्रुइडला ते होताच येत नाही.

तू म्हणशील, नियमाचं काय घेऊन बसलास. अरे, नियम काढले तर उरतं काय? कुणीही उठून काहीही होणार असेल तर फासा टाकायचाच कशाला? पत्त्यात राजापेक्षा गुलाम मोठा म्हटलास तर आम्ही हातातले पत्ते टाकून घरी जाऊ का नाही?

भडंगपुडी

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. (भडंग संपलं.)

साताऱ्याचा_कंदी

नियमांचं तुम्ही सांगलीकर बघून घ्या. माझी तक्रार वेगळी आहे. मला हसवायचं होतं तर ड्रॅगन कशाला आणला?

थेंबरशॉड नावाचा तो लठ्ठ ड्रॅगन आठवा. गडगडत येतो काय, अडकतो काय. थेटरात लोक हसले, मीही हसलो. घरी येताना मात्र लक्षात आलं की ज्या प्राण्याच्या नावानं खेळ ओळखला जातो त्याची अख्ख्या सिनेमात एकदाही भीती वाटली नाही. अद्भुताला थोडी तरी अदब लागते. आम्ही लहानपणी अजिंक्यताऱ्यावर अंधार पडला की भुताच्या गोष्टी सांगायचो, तेव्हा सांगणारा मधेच फिदीफिदी हसला तर त्याला उठवायचो. इथं प्रत्येक प्रसंगात कुणीतरी कोपरखळी मारतंच. ह्यू ग्रांट तर पूर्ण वेळ स्वतःच्याच लग्नाला आल्यासारखा वावरतो.

आयर्विनखाली

@कंदी, ह्यू ग्रांटबद्दल बोलायचं काम नाही. घसरता, गोड बोलणारा, पाठीत सुरा घालणारा फोर्ज त्याच्याशिवाय कुणाला जमला नसता. आपल्याकडं प्रत्येक सोसायटीत एक असतो तसा.

@वीसपैलू, औलबेअर जन्मालाच नियमानं आलेलं नाही. गायगॅक्सला हाँगकाँगमध्ये बनलेली स्वस्तातली प्लास्टिकची खेळणी मिळाली होती, पुडीतली, कुठल्याच प्राण्यासारखी न दिसणारी. त्यातल्या एकावरून त्यानं हे घुबड-अस्वल केलं. उद्या तू खरसुंडीच्या यात्रेतून दहा रुपयांचा रबरी राक्षस आणलास आणि त्याला नाव ठेवलंस, तसंच. आणि पन्नास वर्षांनी तू म्हणणार, हे शास्त्रात बसत नाही!

वीसपैलू

खेळणं यात्रेतलं असो. एकदा पुस्तकात आलं की ते पुस्तकाचं झालं. विषय संपला.

(नाही संपला. त्या दोनदाच्या नियमाचं काय झालं? सोयीस्कर विसरलास.)

हरभटरोड

वयानं मी तुम्हा सर्वांहून मोठा. नातवानं दाखवला म्हणून पाहिला. खेळाची मला काही माहिती नव्हती, वरचं वाचून झाली. आणि वाचताना राहून राहून वाटलं, अरे, हे तर आपल्या गावातलंच आहे.

१८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' केलं, श्रीमंत अप्पासाहेब पटवर्धनांच्या सांगण्यावरून. त्या नाटकांना लिहिलेले संवाद नव्हते. सूत्रधार पदं म्हणायचा, कथा पुढं न्यायचा, आणि पात्रं त्या पदाच्या धाग्यावरून आपली भाषणं तिथल्या तिथं करायची. राक्षस आला की 'अललडुर्र' करून आरोळी ठोकायचा, पुढं बसलेली पोरं रडायची. विदूषक सूत्रधाराला सतावायचा. तुमचा तो डंजन मास्टर म्हणजे सूत्रधार नव्हे तर काय? सूत्रधार सांगतो, पात्रं आयत्या वेळी बोलतात.

तेव्हा कंदी यांचं मला पटतं. सिनेमात त्या तांबड्या चेटकिणीला, सोफिनाला, आरोळीच नाही. कुजबुजते बापडी. आमच्या राक्षसाची एक अललडुर्र हवी होती.

साताऱ्याचा_कंदी

माझ्या बाजूनं बोललात म्हणून आभार. पण सांगलीकरांना कुठलाही विषय द्या, पाच-सहा प्रतिसादांत भावे येतातच. :)

वीसपैलू

@हरभटरोड, काका, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. सूत्रधाराचं शंभर टक्के बरोबर, आणि हे मला आजवर सुचलं नाही याची लाज वाटली. फक्त एक फरक आहे, आणि सगळी गोम त्यातच आहे. भाव्यांच्या नाटकात भाषण काही का होईना, शेवटी राम धनुष्य मोडणारच. प्रेक्षकांनाही ठाऊक, सूत्रधारालाही. आमच्याकडं रामाच्या फाशावर एक पडला, तर धनुष्य जागच्या जागी राहतं, राम घाम पुसतो, आणि आता सीतेनं काय करायचं हे सीता खेळणाऱ्यानं त्या क्षणी ठरवायचं. (हलकेच घ्या, देवाचा अपमान नाही.)

म्हणून मी म्हणतो, सिनेमा हा खेळ दाखवूच शकत नाही. कितीही पूल पाडा. त्यातला पूल पटकथेत पडायचा होता म्हणून पडला.

हरिपूरचं_पेव

तुम्ही कलेवर बोला, मी हिशेबावर. हळदीच्या व्यापारातला माणूस आहे. सिनेमाला साधारण १५ कोटी डॉलर लागले, जगभरातून आले २० कोटी ८० लाखांच्या आसपास. त्यातला निम्मा-शिम्मा थेटरवाल्यांचा, वर जाहिरातीचा खर्च वेगळा. म्हणजे सौदा अंगावर आला. ३१ मार्चला लावला आणि पाचच दिवसांनी मारिओचा सिनेमा आला. दाराशी उसाची गाडी उभी असताना गुळाची ढेप विकायला बसल्यासारखं झालं.

त्यात जानेवारीत हा खेळ विकणाऱ्या कंपनीनं स्वतःच्याच गिऱ्हाइकांना डिवचलं होतं. खेळाचे मूळ नियम वापरून इतरांना आपली पुस्तकं छापून विकता यायची, २००० सालापासूनचा मोकळा परवाना होता. तो बदलायचा घाट घातला. खेळणारे इतके भडकले की सिनेमावर बहिष्कार टाका म्हणू लागले, आणि महिना संपायच्या आत कंपनीनं माघार घेतली. मुद्दा हा, की ज्यांनी पहिल्या दिवशी तिकिटं काढायची तेच रुसून बसलेले.

भडंगपुडी

वीसपैलू, तू बहिष्कार टाकला होतास का रे?

वीसपैलू

टाकला होता. नऊ दिवस. मग कोल्हापूरला जाऊन पाहिला.

मिरजकरीण

मी इथं पहिल्यांदाच लिहितेय. खेळ माहीत नाही, नियम माहीत नाहीत. मुलीबरोबर पाहिला, ती बारावीला आहे.

सगळे ड्रॅगनवर आणि घुबडावर बोलताय, त्या एडगिनच्या लेकीबद्दल कुणीच बोललं नाही. बाप मेलेल्या बायकोला परत आणणारी पाटी चोरायला जातो, तुरुंगात अडकतो, आणि पोर इकडं समजते की बाप पैशाच्या लोभानं गेला. शेवटी पाटी हातात येते, एकदाच वापरता येणारी. आणि तो बायकोऐवजी होल्गासाठी वापरतो, कारण पोरीला वाढवलं होल्गानं. आम्ही दोघी रडलो. जिनं केलं तीच आई, हे एवढ्या मारामारीच्या सिनेमात सांगतील असं वाटलं नव्हतं.

आणि ते स्मशानातलं मात्र फारच भारी! प्रेताला पाचच प्रश्न विचारायचे, आणि हे येडे नको ते विचारून प्रश्न संपवतात. आमच्या आजीच्या गोष्टीतला वेताळ प्रश्न विचारायचा आणि राजा बोलला की परत झाडावर. इथं उलटं, मुडदा उत्तरं देतो आणि जिवंतांना प्रश्न विचारता येत नाहीत.

साताऱ्याचा_कंदी

अहो ताई, शेवट फोडलात! 'कथा फुटेल' असं वर लिहायची पद्धत आहे.

मिरजकरीण

सिनेमा २०२३ चा आहे, दादा. एव्हाना दूधसुद्धा फुटलं असतं.

वीसपैलू

पाटीच्या दृश्यावर माझ्याकडं नियमाचे दोन मुद्दे होते. मांडत नाही. त्या दृश्याला मीही गप्प होतो.

आयर्विनखाली

नोंद घ्या मंडळी, वीसपैलू गप्प बसला. आणि त्या दृश्यात त्याचाच मुद्दा मोडतो. पटकथेत आधीच लिहिलेलं होतं हे मान्य. पण बघताना एडगिन एक क्षण पाटीकडं बघतो, पोरीकडं बघतो, तेव्हा आमच्या काकांनी भडंगाचा बकाणा तसाच तोंडात धरला होता. काकांना कुठं माहीत होतं काय होणार? टेबलावर आपण फासा गडगडताना जसं बघतो तसंच ते बघत होते.

साताऱ्याचा_कंदी

एवढं एक दृश्य गंभीर जमलं, मग बाकीचे दोन तास का नाही? माझा मुद्दा कायम आहे.

हरभटरोड

आणि माझा अललडुर्र.

मिरजकरीण

एक विचारू? तुमच्या शनिवारी नवीन माणूस घेता का? मुलगी म्हणते, आई तू जा, तुला वाद घालायला आवडतं. मला होल्गा नको. मला तो शाहीरच हवा.

वीसपैलू

अवश्य या. पण आधीच सांगतो, आमच्या टेबलावर बार्डला मंत्र असतात. पहिल्याच दिवशी निवडावे लागतील, यादी मी देईन. सिनेमासारखं वीणा घेऊन नुसतं मिरवता येणार नाही.

मिरजकरीण

द्या की यादी, निवडते. पण वापरणार नाही. माझ्या शाहिराचा नवरा एका मंत्रापायी गेला, तेव्हापासून तिनं मंत्र सोडलाय, असं मी ठरवलंय. आता तिनं मंत्र टाकायचा का नाही हे पुस्तक ठरवणार, तुम्ही ठरवणार, का मी?

भडंगपुडी

अललडुर्र!!!

आयर्विनखाली

मी काही बोलत नाही.

वीसपैलू

तुम्ही.

शनिवारी रात्री आठ. पत्ता निरोपातून पाठवतो. फासे माझ्याकडचे वापरा, फक्त डाळिंबी रंगाचा सोडून, त्याला कुणी हात लावायचा नाही.