मदत हवी आहे: एकाच साइटच्या नोंदींवर विलंबाचा प्रबंध उभा राहील का?

नमस्कार. चार वर्षं साइटवर प्लॅनिंग सांभाळते आहे आणि सोबत कन्स्ट्रक्शन मॅनेजमेंटचं पदव्युत्तर शिक्षण चालू आहे. प्रबंधाचा विषय ठरलाय, बहुमजली इमारतींच्या कामातला विलंब. घोडं अडलंय ते पद्धतीवर.

सर म्हणतात, प्रश्नावली करा. जुन्या पेपरांतून तीस-चाळीस कारणं वेचायची, लोकांना प्रत्येकाला १ ते ५ गुण द्यायला सांगायचं. मग गुणांची बेरीज भागिले (सर्वोच्च गुण गुणिले उत्तरं देणारे) असा सापेक्ष महत्त्व निर्देशांक काढायचा आणि क्रमवारी लावायची. दोन महिन्यांत मोकळे! पण अशी क्रमवारी मी इतक्यांदा वाचलीय की निकाल आधीच सांगू शकेन. ठेकेदार म्हणणार बिलं वेळेवर निघत नाहीत, मालक म्हणणार ठेकेदाराचं नियोजन कच्चं, आणि दोघे मिळून डिझाइनरकडे बोट दाखवणार. प्रत्येकाचं पहिलं कारण दुसऱ्याच्या अंगणातलं.

माझ्याकडे एका साइटच्या चौदा महिन्यांच्या नोंदी आहेत: डीपीआर (रोजचा प्रगती अहवाल), दर आठवड्याचा प्लॅन, ड्रॉइंग रजिस्टर, मालाचं आवक रजिस्टर, पोअर कार्ड (काँक्रीट ओतण्याआधीच्या तपासणीची नोंद). त्यांवरच काम करावं असं मनात आहे. पण डीपीआरच्या शेऱ्यात जिकडे तिकडे एकच मजकूर, 'लेबर शॉर्टेज'. तो रकाना मीच भरायचे, म्हणून त्याची लायकी मला माहीत आहे. एक दिवस पक्का आठवतो. सळई बांधणारे सकाळी हजर होते. बीमच्या ड्रॉइंगची सुधारित प्रत दुपारपर्यंत आली नाही. मुकादम वैतागून गडी घेऊन दुसऱ्या साइटवर गेला. संध्याकाळी मोजलं तर माणसं कमी, तेच लिहिलं. नोंद खोटी नव्हती, पण ते कारणही नव्हतं.

दुसरा घोळ एसपीआयचा, म्हणजे काम वेळापत्रकाप्रमाणे चाललंय का हे सांगणाऱ्या निर्देशांकाचा. मिळवलेलं मूल्य (झालेल्या कामाची किंमत) भागिले नियोजित मूल्य (तोवर व्हायला हव्या असलेल्या कामाची किंमत), हा आकडा बरेच महिने ०.९५ च्या आसपास होता आणि स्लॅब मात्र सात आठवडे मागे. खालच्या मजल्यांचं ब्लॉकवर्क (भिंतींचं काम) पुढे पळवून बिल फुगवलं होतं, दुसरं काय.

तर विचारायचं असं. एकाच साइटचा अभ्यास परीक्षक मान्य करतात का? शेऱ्यांतून खरी कारणं कशी काढायची? आणि आठवड्याच्या प्लॅनवरून पीपीसी, म्हणजे कबूल केलेल्या कामांपैकी पूर्ण झालेल्या कामांची टक्केवारी, आता मागाहून काढली तर चालेल का?

प्रतिसाद १
शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी: जपून. बॅलार्ड आणि हॉवेल यांच्या लास्ट प्लॅनर या नियोजन पद्धतीत 'करायला हवं', 'करता येईल', 'करतो' आणि 'केलं' या चार वेगळ्या गोष्टी आहेत. पीपीसी मोजायचा तो 'करतो' आणि 'केलं' यांच्यात. तुमचा आठवड्याचा प्लॅन फोरमनने शब्द देऊन बनवला होता, की तुम्ही मास्टर शेड्यूलमधून तुकडा कापून त्याच्या हाती ठेवला होता? दुसरं असेल तर तो आकडा पीपीसी नव्हे, त्याला वेगळं नाव द्या. आणि ९० टक्के झालेलं काम 'झालं' धरू नका. झालं किंवा नाही, मधलं काही नाही. शटरिंग ९० टक्के झाल्यावर काँक्रीट ओतता येत नाही.

मूळ लेखिका
दुसरंच होतं. मीच कापायचे. :(

प्रतिसाद २
एसपीआयचं हे दुखणं जुनंच. काम संपताना मिळवलेलं मूल्य आणि नियोजित मूल्य सारखंच होतं, म्हणून वर्षभर उशीर झाला तरी शेवटी एसपीआय १ च दाखवतो. लिप्के यांनी २००३ मध्ये मांडलेलं अर्न्ड शेड्यूल बघा, त्यात उशीर पैशांत नाही, वेळेत मोजतात. १२ महिने उलटलेत आणि आजवरचं मूल्य प्लॅनप्रमाणे ९ व्या महिन्यातच मिळायला हवं होतं, तर ९ भागिले १२ म्हणजे ०.७५. पण ब्लॉकवर्कची चलाखी त्यानेही लपेल. म्हणून हिशोब फक्त क्रिटिकल पाथवरच्या (जी लांबली की अख्खा प्रकल्प लांबतो अशा) कामांचा वेगळा काढा.

प्रतिसाद ३
शेरे बाजूला ठेवा, तारखा धरा. ज्या दिवशी काम अडलं त्या दिवशी लागणारं ड्रॉइंग कधी आलं, सळई कधी उतरली, चेकिंग कधी झालं, हे सगळं रजिस्टरांत आहेच. त्यावरून कारण ठरवा आणि तेच वर्गीकरण साइट न पाहिलेल्या एका माणसाकडून स्वतंत्रपणे करून घ्या. दोघांचं किती जुळतं ते कोहेनच्या कप्पाने (योगायोगाने जुळलेलं वगळून सहमती मोजणारा आकडा) मोजा. तुम्ही स्वतःच शेरे लिहिलेत, त्यामुळे परीक्षक पहिला हल्ला तिथेच करणार.

सरांची प्रश्नावलीही टाकू नका. त्याच साइटच्या लोकांना द्या आणि त्यांची क्रमवारी रजिस्टरातून निघालेल्या क्रमवारीशी ताडून पाहा. मग एकच साइट असणं ही उणीव राहत नाही, कारण तुम्ही सगळ्या इमारतींबद्दल बोलतच नाही. लोक सांगतात ते कारण आणि कागद सांगतात ते कारण यांतलं अंतर, हा तुमचा प्रश्न.

हो, आणि नोंदी वापरायची लेखी परवानगी आधी घ्या. मुदतवाढीचा दावा चालू असेल तर ठेकेदार शेवटच्या क्षणी हात वर करतो.

मूळ लेखिका
सगळ्यांचे आभार. काल रात्री दोन आठवड्यांचे शेरे ड्रॉइंग रजिस्टरशी लावून पाहिले. 'लेबर शॉर्टेज'चे नऊ दिवस होते, त्यांतल्या चार दिवशी ड्रॉइंगच हातात नव्हतं. उरलेल्या पाचांत दोन दिवस असे आहेत की ड्रॉइंग उशिरा आलं आणि सळईही आली नव्हती. असे दिवस कोणाच्या खात्यात टाकायचे? अर्धे अर्धे, की आधी जे अडलं त्याच्या?