भोवरा, गिटारची तार आणि एस्प्रेसो: सुयांनी कॉफी ढवळून खरंच काही होतं का?

माडाखालचा (वेंगुर्ला)

घरी एस्प्रेसो करणाऱ्यांसाठी धागा काढतोय. 'त्यापेक्षा चहा का नाही पीत' असं विचारायला येणाऱ्यांनी रांगेत उभं राहावं, आमच्या घरचेच पाच जण पुढे आहेत.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जाळीत १८ ग्रॅम बारीक पूड दाबून बसवायची आणि तिच्यातून ९ बार दाबाने पाणी काढायचं. २५ ते ३० सेकंदांत ३६ ग्रॅमच्या आसपास कॉफी उतरली की जमलं. पण पाणी भारी आळशी. कुणग्याच्या बांधाला कुर्लीने एक भोक पाडलं की सगळं पाणी तिथूनच पळतं, तसंच इथे. पूड कुठे गुठळीची, कुठे पोकळ राहिली की पाणी पोकळीतून धावतं. तेवढ्या जागेतली पूड नको इतकी धुपून कडू होते, बाकीची अर्धीकच्ची राहून आंबट. मग एकाच घोटात आंबट आणि कडू दोन्ही. यालाच चॅनेलिंग म्हणतात.

यावर जॉन वाइस नावाच्या गृहस्थाने २००५ मध्ये एक उपाय मांडला. दह्याच्या प्लास्टिक डब्याचं बूड कापून त्याचं नरसाळं केलं, जाळीवर बसवलं आणि प्रयोगशाळेतल्या सुईने पूड तळापासून ढवळून मोकळी केली. बस्स एवढंच. त्याच्याच नावाने हे 'वाइस डिस्ट्रिब्युशन टेक्निक', म्हणजे डब्ल्यूडीटी. आता त्याच सुया चकचकीत मुठीत बसवून हजारो रुपयांना विकतात.

मी काय केलं, तर घरात सावंतवाडीच्या चितारआळीतला एक जुना लाकडी भोवरा होता. त्याची आर उपटली, त्या जागी बारीक ड्रिलने सात भोकं पाडली आणि गिटारची सगळ्यात पातळ तार (०.०१० इंच, म्हणजे पाव मिलिमीटर) कापून डिंकवली. टोकं जरा बाहेरच्या बाजूला फाकवली आणि अगदी टोकाशी इवलासा आकडा वळवला, म्हणजे जाळी खरवडत नाही. भोवरा हातात असा बसतो की विचारू नका. आधी शिवणाची सुई वापरून पाहिली होती. ती जाड, पूड मोकळी करायच्या ऐवजी तिच्यात चर पाडते.

माझं म्हणणं एवढंच: काम तारेचा बारीकपणा करतो. मूठ टायटॅनियमची आहे की भोवऱ्याची, हे कॉफीला काय कळणार? विकतच्या सुया घेणं म्हणजे पैसे उडवणं.

कोरा_चहा (दापोली)

नावावर जाऊ नका, माझ्याकडे सहा वर्षं मशीन आहे. रांगेतही उभा राहणार नाही.

विकतच्या घेणं पैसे उडवणं, आणि घरी करणं म्हणजे वेळ उडवणं. गुठळ्या हा ग्राइंडरचा दोष आहे. वाइसनेही हा उद्योग गुठळ्या करणाऱ्या घरगुती ग्राइंडरवरचा तोडगा म्हणूनच सुचवला होता. रोग ग्राइंडरला आणि औषध भोवऱ्याला, असं चाललंय तुमचं.

दुसरं. लोक पूड इतकी बारीक दळतात की पाणी जाता जात नाही, कुठेतरी फोडून बाहेर पडतं, आणि मग सुया शोधत फिरतात. २०२० मध्ये 'मॅटर' या नियतकालिकात यावर एक निबंध आला होता. सार असं की एका मर्यादेपलीकडे बारीक दळलं तर अर्क वाढायच्या ऐवजी घटतो आणि प्रत्येक कप वेगळा निघतो. पूड कमी घ्या, २० च्या जागी १५ ग्रॅम, आणि थोडी जाड दळा, म्हणजे कप सारखे येतात. पूडही वाचते. चिकमगळूरहून कुरिअरने बिया मागवणाऱ्याला त्याचं मोल मी सांगायला नको.

मी पूड घालतो, पोर्टाफिल्टरला (जाळी बसते त्या मुठीच्या भांड्याला) तळहाताने दोन टपल्या मारतो, दाबतो. संपलं.

जेट्टीवरचा (मालवण)

रे मेल्या, तू कॉफी करतंस काय गोधडी शिवतंस?

मस्करी सोड. गिटारची तार म्हणजे साधं पोलाद, वर कल्हईचा हात. माझ्या चेडवाच्या गिटारीची तीच पहिली तार पावसाळ्यात तांबडी पडून तुटता, ती पण पेटीत ठेवलेली. तू तर ती ओल्या पुडीत घालतंस आणि खिडकीत ठेवतंस, समोर दर्या. गंज खातलंस तू, दुसरा काय?

माडाखालचा

दोन महिने झाले, अजून काही नाही. रोज पुसून ठेवतो. आणि पूड ओली नसते हो, कोरडीच असते.

@कोरा_चहा, चांगल्या ग्राइंडरला किती लागतात ते लिहा की. मशीन घेतलं तेव्हाच घरात आठवडाभर अबोला होता.

पोफळी (गुहागर)

मी छोटा कॅफे चालवते, त्यामुळे माझं मत दोन्ही डगरींवर पाय ठेवून आहे, चालवून घ्या.

घरी सुया ठीक. दुकानात शनिवारी मुंबई-पुण्याच्या गाड्या लागल्या की चाळीस-पन्नास कप सलग जातात. दर कपाला पंधरा सेकंद ढवळायचं म्हटलं तर गिऱ्हाईक समुद्र बघून परत येईल. हाताखालची मुलगी नवीन आहे. तिला सुया दिल्या तर ती वरवर फिरवते, आणि ते न ढवळण्यापेक्षा वाईट. वरचा थर मऊ, खाली गुठळ्या तशाच. तळाला टेकवून छोटी छोटी वर्तुळं काढत वर यायचं असतं, हे सांगून सांगून थकले.

पाचरी असलेली ती गोल चकती मिळते ना, जाळीवर ठेवून फिरवायची, ती घेऊन झाली. दिसायला पृष्ठभाग जातं फिरल्यासारखा गुळगुळीत. पण ती वरच्या काही मिलिमीटरचंच बघते. ज्याला आत बिघाड आहे त्याला पावडर लावल्यासारखं.

आणि खरं सांगू? आमच्याकडे जूनपासून कपांचा सगळ्यात मोठा शत्रू चॅनेलिंग नाही, लाइट आहे. दोन मिनिटं जाते, आणि मशीन परत तापेपर्यंत माणसं जायफळाची दुधाची कॉफी मागून मोकळी होतात. तीही उत्तम होते, ढवळायला चमचा पुरतो.

अर्धा_बार (रत्नागिरी)

पेशाने इंजिनिअर, त्यामुळे क्षमस्व.

हवेचा मुद्दा कोणीच काढला नाही. दळताना पुडीवर स्थिर विद्युतभार येतो, त्याने पूड उडते, चिकटते, गुठळ्या होतात. ओरेगॉन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२३ मध्ये दाखवलं की दळण्याआधी बियांवर जरासं पाणी मारलं की हा भार बराच उतरतो आणि पाणी पुडीतून जास्त सारखं जातं. हौशी लोक हे आधीपासून करत होतेच: चमच्याची दांडी ओली करून बियांतून फिरवायची. फुकटचा उपाय. आपल्याकडे जानेवारीत पहाटे मतलई वारा सुटतो, हवा कोरडी होते, तेव्हा माझ्या ग्राइंडरच्या तोंडाला पूड दाढीसारखी लटकते. ऑगस्टमध्ये तसं काही होत नाही. पण ऑगस्टमध्ये बिया ओल धरतात आणि कालचं दळण आज लागू पडत नाही. ते सुयांनी सुटणार नाही. डबा हवाबंद ठेवा आणि रोज ग्राइंडर एखादा काटा सरकवा.

आता सुयांबद्दल. मी बायकोला न सांगता सहा जोड्या पाजल्या, एक कप ढवळलेला, एक नुसत्या टपलीचा. तिला चारदा ढवळलेला आवडला. सहात चार म्हणजे नाणं उडवल्यासारखंच, त्यावरून मी काही म्हणणार नाही. पण घड्याळाचं वेगळं: टपलीचे कप २२ सेकंदांपासून ३५ पर्यंत कुठेही गेले, ढवळलेले २७ ते ३०. चव सुधारते का, माहीत नाही. उद्याचा कप आजच्यासारखा होतो, हे मात्र मी पाहिलंय. बिघडला तर कशाने बिघडला हे त्यामुळे शोधता येतं.

गंजाच्या बाबतीत जेट्टीवरच्यांना +१. साधं ३०४ प्रतीचं स्टेनलेस स्टीलसुद्धा खाऱ्या हवेत टिपके धरतं. ३१६ प्रतीत मॉलिब्डेनम असतं, ते जास्त टिकतं.

कोरा_चहा

सेकंद सारखे आले म्हणून कप चांगला, हे मला पटत नाही. एसटी रोज तासभर उशिरा आली तर तिला वेळेवर म्हणायचं का?

आणि १५ ग्रॅम जाड दळून तेच सहा कप करून बघा की. टपलीच्या २२ ते ३५ मधला बराच फरक तिथेच मिटेल, अशी माझी पैज. हरलो तर देवगड हापूसची पेटी, पण मे महिन्यात. पेटीला दर विचारू नका.

धागाकर्त्याला एक प्रश्न. तुमची तार पाव मिलिमीटर. जाळीची भोकंही त्याच मापाच्या आसपास असतात. तुकडा तुटून उभा राहिला तर कुठे जाईल?

अर्धा_बार

पैज घेतली. रविवारी करतो. बायकोला यावेळी सांगावं लागेल, मागच्या वेळी रात्री अडीचला जागी होती.

माडाखालचा

कोरा_चहांचा प्रश्न वाचून आज सकाळी भिंग घेऊन बसलो. तारा मधोमध चकचकीत आहेत. पण लाकडात शिरतात तिथे, मुळाशी, तांबूस टिपके. भोवरा धुतला की लाकूड ओल धरून बसतं, हे माझ्या लक्षातच आलं नाही. आणि सातांपैकी एकीचा टोकाचा आकडा गायब.

कुठे गेला, सांगता येत नाही. कॉफीची चोथ्याची चकती मी रोज अबोलीच्या वाफ्यात टाकतो आणि बायको तिथे हाताने माती भुसभुशीत करते. तिला सांगितलं. ती म्हणाली, 'आता तुम्हीच करा ढवळाढवळ, तिथेही.' गेले तासभर लोहचुंबक दोऱ्याला बांधून वाफ्यात फिरवतोय. दोन चुका आणि एक बाटलीचं झाकण मिळालंय.

तेव्हा तार चुकली, कबूल. जाड दळण्याचं मात्र कबूल नाही. १५ ग्रॅमचा कप दोनदा केला, मला पाणचट लागला. सुया राहणार, भोवराही राहणार, भोकांना आतून लाख भरीन. ३१६ ची एवढी बारीक तार वेंगुर्ल्यात कुठे मिळेल? अ‍ॅक्युपंक्चरच्या सुयांबद्दल वाचलं, पण त्यांतल्या बऱ्याच सुयांना सिलिकॉनचा लेप असतो म्हणे, मन घेत नाही.

जेट्टीवरचा

३१६ कित्याक शोधतंस? गळाच्या दुकानात जा आणि सुरमईची तार माग. सुरमय दातांनी नायलॉन कापता म्हणान गळाच्या वर स्टीलची एकेरी तार लावतत, ती. बारीक नंबराची घे, पाव मिलिमीटरच्या जरा वर भरात. रातभर खाऱ्या पाण्यात रवता, तुझ्या पुडीत काय होवचा हा तिका? वळवताना पक्कड वापर, बोट फाडशीत.

आणि त्या भोवऱ्याक परत आर बसव. पोरांका खेळाक होयो. मुठीक बाटलीचा बूच पुरता, तां ओल धरणा नाय.

पोफळी

@जेट्टीवरचा, ती तार दोन मीटर मलाही पाठवा. मुलीला नाही देणार, घरच्यासाठी.