फ्युचरातली मोडलेली भूमिती
फ्युचरा या इंग्रजी अक्षरांच्या टाइपबद्दल (म्हणजे फॉन्टबद्दल) कोणीतरी म्हटलंय की ती कर्कटक-पट्टीने काढलेली अक्षरं, त्यात डिझायनरचं कसब ते काय? मला हे अजिबात पटत नाही. फ्युचरा घडवणारा डिझायनर पाउल रेनर, त्याच्या सुरुवातीच्या आराखड्यांत खरोखर तशी अक्षरं होती. लहान 'आर' म्हणजे एक उभा दांडा आणि शेजारी सुटा गोल ठिपका! १९२७ साली टाइप बाजारात आला, त्यात मात्र डोळ्यांचा विचार आधी होता. लहान 'बी' किंवा 'पी' मोठा करून बघा: गोलाई दांड्याला मिळते तिथे रेघ हळूच बारीक होते, नाहीतर सांध्यापाशी काळा डाग दिसला असता. मोठ्या 'ए'चं टोकही ओळीच्या किंचित वर काढलंय, म्हणून ते ठेंगणं वाटत नाही.

शीर्षकं, पाट्या, पोस्टर यांत तो फार देखणा दिसतो. १९६९ मध्ये अपोलो ११ च्या यानासोबत चंद्रावर राहिलेल्या फलकावरचा मजकूर फ्युचराच्याच कॅपिटल अक्षरांत आहे. सलग बारीक मजकुराला मात्र मी तो वापरणार नाही. लहान 'ए' आणि 'ओ' पटकन वेगळे ओळखू येत नाहीत, वाचणारा दमतो.