जपानचा काळजी-विमा: पैसे हातात का देत नाहीत?

उंबरठा:
जपानमध्ये २००० सालापासून वृद्धांच्या काळजीचा सक्तीचा विमा आहे. पण घरच्यांना रोख मिळत नाही, सेवाच मिळते. असं का? आणि अर्ज केल्यावर काम अडतं ते कुठे?

सांजवात:
रोख मुद्दाम टाळली आहे. जर्मनीत तो पर्याय आहे. जपानमध्ये १९९७ ला कायदा होण्याआधी यावर जोरदार वाद झाला. पैसे घरात आले की सासू-सासऱ्यांची शुश्रूषा कायमची सुनेच्याच गळ्यात पडेल, असं महिला संघटनांचं म्हणणं होतं. माझ्या मते या योजनेतला सगळ्यात शहाणा निर्णय हाच.

अर्ज नगरपालिकेत करायचा. मग तपासनीस घरी येऊन ७४ मुद्दे बघतो. कूस बदलता येते का, नखं स्वतः कापता येतात का, सध्या कोणता ऋतू आहे हे सांगता येतं का, असे. संगणकाचा प्राथमिक निकाल, डॉक्टरांचं मत आणि मग समितीचा निर्णय. गरज किती, याच्या एकूण ७ पायऱ्या: हलक्या गरजेसाठी 'आधार' १-२, त्यावर 'काळजी' १-५. पायरीनुसार महिन्याची मर्यादा ठरते. तिच्या आतल्या खर्चाचे १० टक्के आपण भरायचे, उत्पन्न जास्त असेल तर २० किंवा ३०. मर्यादेच्या वर गेलात की सगळं पदरचं.

अडतं ते तपासणीच्या दिवशीच. परक्या माणसासमोर आजी ताठ बसतात आणि "मला सगळं जमतं" म्हणतात, की पायरी खाली येते. म्हणून घरच्यांपैकी कुणीतरी हजर राहावं. किती वेळा पडल्या, रात्री किती वेळा उठवावं लागतं, हे तारखांसह लिहून तपासनीसाकडे द्यावं. त्याच्या अहवालात शेऱ्यांसाठी वेगळी जागा असते आणि समिती ते शेरे वाचते.

कठडा:
घरातल्या बदलांसाठी २ लाख येनपर्यंतचा खर्च धरतात: कठडे, उंबरठा काढणं, सरकतं दार, कमोड. पण मंजुरी आधी, काम नंतर. केअर मॅनेजरचं (सेवांची आखणी करून देणाऱ्या व्यावसायिकाचं) कारणपत्र, अंदाजपत्रक आणि कामाआधीचे तारीख असलेले फोटो लागतात. घाईने आधीच कठडा ठोकला तर ते पैसे गेले.

उंबरठा:
आणि माणसं पुरतात का?

सांजवात:
नाही, आणि खरं दुखणं तेच आहे. सेवेचे दर सरकार दर ३ वर्षांनी ठरवतं, त्यामुळे मदतनीस मिळेना म्हणून संस्थेला आपल्या मनाने दर वाढवून पगार देता येत नाही. २०२४ मध्ये तर घरी जाऊन द्यायच्या सेवेचा मूळ दर उलट कमी केला. वृद्धांचा सरासरी मासिक हप्ता मात्र सुरुवातीच्या २,९११ येनवरून ६,२२५ वर गेलाय. २०२१ च्या भारत-जपान करारामुळे आपल्याकडची मुलंमुलीही या कामासाठी तिकडे जाऊ शकतात. पण त्या करारातल्या कामगार-व्हिसावर घरोघरी जाऊन काम करायची मुभा २०२५ मध्येच मिळाली, तीही अटींसह.