लेकीला मैत्रिणीच्या चर्चबरोबर ग्वाटेमालाला मिशन ट्रिपला पाठवावं का?

प्लानोकरीण
नमस्कार मंडळी. आम्ही डॅलसजवळ प्लानोत राहतो. लेक १६ ची, तिच्या जिवलग मैत्रिणीच्या चर्चचा युथ ग्रुप जूनमध्ये आठवडाभर ग्वाटेमालाला चाललाय आणि ही पण जायचंच म्हणून हटून बसलीये. कार्यक्रम असा की डोंगरातल्या एका गावात घरोघरी चुली बांधून द्यायच्या, दुपारी तिथल्या लहान मुलांसाठी व्हेकेशन बायबल स्कूल म्हणजे गाणी, क्राफ्ट, बायबलमधल्या गोष्टी वगैरे, एक दिवस मेडिकल क्लिनिक आणि शेवटच्या दिवशी अँटिग्वा नावाच्या तिथल्या जुन्या शहरात फिरणं आणि शॉपिंग. माणशी २१०० डॉलर. ते उभे करायला मुलं सगळ्या ओळखीच्यांना सपोर्ट लेटर पाठवतात, की आम्ही सेवेला चाललोय, यथाशक्ती मदत करा. आता ही पत्रं आमच्या नाशिकच्या आत्यांना आणि मंडळातल्या काका-काकूंना जाणार का, हे मी अजून विचारलेलं नाही, हिंमत होत नाहीये 😅

नवरा म्हणतो सरळ नाही सांग. सासूबाई सध्या इथेच आहेत, त्या म्हणतात पोरीला बाटवतील. मला ती भीती नाही, आमच्या घरात गणपतीची आरती सगळ्यात मोठ्याने तीच म्हणते आणि एकदा ठरवलं की कुणाच्या बापाचं ऐकत नाही. पण फॉर्मवर लिहिलंय की रोज सकाळ-संध्याकाळ डिव्होशन्सला (प्रार्थना, बायबलवाचन) बसणं कंपल्सरी आणि प्रत्येकाने एकदा तरी 'टेस्टिमनी' (आपल्या श्रद्धेची सगळ्यांसमोर साक्ष) द्यायची. ती काय देणार? शिवाय सेफ्टीचं काय, आणि मुख्य म्हणजे या शेंबड्या पोरांनी बांधलेल्या चुलीचा तिथल्या बायकांना खरंच काही उपयोग होतो का? कुणी गेलं असेल तर सांगा प्लीज.

आठ्याळ_आजोबा
२१०० डॉलर भरून सिमेंट कालवायचं? आमच्या सिन्नरला पाठव, फुकट कालवायला देतो, वर जेवण.

नगरी_ह्यूस्टनकर
आजोबा 😂

ताई, मी ख्रिश्चन आहे, मूळ नगरचा, आजोबा मिशनच्या शाळेत मास्तर होते. इथे आमच्या चर्चचे ग्रुप ग्वाटेमालाला जातात, मी मोठा माणूस म्हणून पोरांबरोबर गेलोय. तेव्हा दोन्ही बाजू सांगतो.

चुलीचं काम चांगलं आहे, ते आधी बोलतो. तिकडच्या घरात जमिनीवर तीन दगड मांडून जाळ करतात, धुराडं नाही, त्यामुळे पत्रा आतून डांबर फासल्यासारखा काळा असतो आणि पाठीला पोर बांधलेली बाई दिवसाचे कितीतरी तास त्या धुरात टोर्तिया थापत बसते. पोरं भाजतात, डोळे-छाती जाते. आपण बांधायची ती कमरेइतकी उंच, सिमेंटच्या ब्लॉकची चूल, वर जाड लोखंडी पत्रा (प्लांचा म्हणतात) आणि छपरातून बाहेर काढलेला पाइप. लाकूडही कमी लागतं. आता खरं सांगायचं तर ओळंबा लावणं, ब्लॉक बसवणं, पत्र्याला भोक पाडणं हे सगळं तिथला गवंडी करतो, आपली पोरं घमेली उचलतात, माल कालवतात आणि फोटो काढतात. तो गवंडी एकटा असता तर तेवढ्या वेळात दोन चुली झाल्या असत्या असं मला दर वेळी वाटतं, पण तो बिचारा काही बोलत नाही.

तू युथ पास्टरला (मुलांच्या ग्रुपच्या धर्मगुरूला) काय विचारायचं ते हे, की आपण गेल्यावर त्या चुलीकडे बघतं कोण. पाइपात काजळी बसते, तो दर थोड्या महिन्यांनी काढून झटकावा लागतो, नाही झटकला की धूर उलटा घरात येतो आणि मग बाई पाइप काढून कोंबड्यांच्या खुराड्याला लावते नि परत तीन दगडांवर जाते. जून म्हणजे तिकडे भर पावसाळा, दुपारनंतर रोज कोसळतो, भोकाच्या कडा नीट बंद केल्या नाहीत तर चुलीवरच गळतं. गावात वर्षभर राहणारी, तिथलीच माणसं चालवत असलेली एखादी संस्था बरोबर असेल तर या गोष्टी होतात. नुसता चर्चचा ग्रुप दरवर्षी नवीन गाव धरत असेल तर सोड.

टेस्टिमनीचं टेन्शन घेऊ नको. पास्टरला आधीच स्पष्ट सांगायचं की आमची मुलगी हिंदू आहे, ती कामाला येईल, डिव्होशनला शांत बसेल, पण साक्ष देणार नाही आणि मुलांना धर्माचं शिकवणार नाही, क्राफ्टचं टेबल सांभाळेल. बरा माणूस असेल तर लगेच हो म्हणेल. आढेवेढे घेतले तर तिथेच कळलं. आणि सपोर्ट लेटर आत्यांना पाठवू नका बरं का, तिने समरमध्ये लाइफगार्ड वगैरे करून स्वतः भरावेत.

बी_प्रॅक्टिकल
चर्चेसाठी एक आकडा टाकतो. १९९८ ला मिच चक्रीवादळात होंडुरासची दाणादाण उडाली, त्यानंतर अमेरिकेतून ढिगाने ग्रुप घरं बांधायला गेले. कर्ट व्हर बीक म्हणून तिथेच राहणारा समाजशास्त्राचा प्राध्यापक, स्वतः चर्चवाला, त्याने नंतर जाऊन दोन्ही प्रकारची घरं तपासली, बाहेरच्या ग्रुपने बांधलेली आणि स्थानिक लोकांनी बांधलेली. विमानाबिमानाचा खर्च धरून ग्रुपचं एक घर पडलं ३०,००० डॉलरच्या आसपास, स्थानिकांचं २,००० ला. आणि घरात राहणाऱ्या कुटुंबांवर झालेल्या परिणामात फरक काहीच सापडला नाही. म्हणजे १५ पट पैसा कुठे गेला? विमान कंपनीला, हॉटेलला आणि पोरांच्या कॉलेज अर्जातल्या निबंधाला.

माझं म्हणणं, जायचंय तर जा, ट्रिप म्हणून जा, स्पॅनिश सुधारेल, जग दिसेल. पण सेवा म्हणून लोकांकडे पैसे मागू नका.

नगरी_ह्यूस्टनकर
@बी_प्रॅक्टिकल तो अभ्यास आमच्या चर्चच्या मीटिंगमध्ये पण आला होता, अर्ध्या लोकांनी तोंडं फिरवली 😀 पण मुद्दा बरोबर आहे. आमच्या नगरला अमेरिकन मिशनवाले १८३१ ला आले ते राहायला आले, मराठी शिकले, शाळा काढल्या. मिरजेचे वॉन्लेस डॉक्टर १८८९ ला आले ते १९२८ पर्यंत. त्यांच्याशी कुणाचं पटो न पटो, पण लोकांना भांडायला तरी समोर माणूस होता. आठवड्यात परत जाणाऱ्याशी कोण भांडणार.

भटकी_जमात
मी ग्वाटेमालात बॅकपॅक घेऊन बऱ्यापैकी फिरलेय, अतित्लान तलावाच्या बाजूला जास्त. धर्माच्या बाबतीत एक वेगळी गोष्ट सांगायचीये जी कुणी बोललं नाही.

तलावाकाठी सांतियागो अतित्लान म्हणून गाव आहे, तिथे माशिमोन नावाचा देव आहे. लाकडाचा, डोक्यावर हॅट, गळ्यात भरपूर रंगीत रुमाल, तोंडात पेटती सिगार, पुढे दारूच्या बाटल्या. दरवर्षी वेगळ्या घरी मुक्काम, त्या घराचा मान. लोक येतात, नवस बोलतात, दारू पाजतात त्याला. मला तर सरळ आपला म्हसोबाच आठवला, मी हात जोडले, काही वेगळं वाटलंच नाही. तिथल्या माया लोकांनी जुना देव, कॅथलिक संत सगळं एकत्र करून हे टिकवलंय. आणि इव्हँजेलिकल (धर्मप्रचारावर भर देणारे प्रोटेस्टंट) चर्चवाले याला सरळ सैतान म्हणतात. मी ज्या गेस्टहाउसला होते तिथेच एक अमेरिकन युथ ग्रुप उतरला होता, त्यांचा लीडर रात्री पोरांना सांगत होता की या गावावर मूर्तिपूजेचा अंधार आहे, आपण प्रार्थना करायची. पोरं डोळे मिटून बसलेली. आता तिथे आरती म्हणणारी तुझी लेक बसलेली असेल तर तिच्या मनात काय येईल? कदाचित काहीच नाही, कदाचित ती उठून दोन शब्द सुनावेल. पण जायच्या आधी तिच्याशी हे बोलून ठेव, ऐनवेळी एकटी पडू नये.

आणि हा धर्म तिकडे नुसता धर्म पण नाहीये. १९७६ च्या फेब्रुवारीत मोठा भूकंप झाला, २३,००० च्या आसपास माणसं गेली, मदत घेऊन अमेरिकन चर्चेस आल्या आणि मग वाढतच गेल्या. १९८२ मध्ये रिओस माँत नावाचा जनरल बंड करून सत्तेवर आला, तो कॅलिफोर्नियाच्या एका मिशनने काढलेल्या चर्चचा, रविवारी टीव्हीवर प्रवचन द्यायचा. त्याच्याच काळात सैन्याने इशील या माया जमातीच्या लोकांची गावंच्या गावं जाळली. २०१३ ला त्याला वंशसंहाराची शिक्षा झाली आणि दहा दिवसांत घटनापीठाने ती उडवली. तुझी लेक ज्या गावात जाईल तिथल्या म्हाताऱ्यांनी हे डोळ्यांनी पाहिलेलं असू शकतं. ग्रुपच्या ओरिएंटेशनमध्ये यातलं किती सांगतात ते विचार.

आठ्याळ_आजोबा
हे वाचून आता मलाच जावंसं वाटतंय. माशिमोनला बाटली घेऊन.

फार्मसीवाली
क्लिनिकबद्दल मी बोलते, फार्मासिस्ट आहे आणि अशा एका ट्रिपला (दुसऱ्या देशात) गोळ्यांच्या टेबलावर बसलेय. शाळेच्या वर्गात टेबलं मांडतात, पहाटेपासून रांग, बायका दोन-दोन तास चालत येतात. जंताची गोळी, व्हिटॅमिन, पॅरासिटामॉल, झालं. एक काकू आल्या, बीपी १९० च्या वर, डॉक्टरने महिनाभराची गोळी लिहिली, मी पुडी बांधून दिली आणि दुभाष्याला विचारलं की महिन्यानंतर यांनी कुठे जायचं. त्याने खांदे उडवले. बीपीची गोळी महिना खाऊन बंद करायची असते का? आणि त्याच गावात सरकारी आरोग्य केंद्राची नर्स होती, तिला कुणी बोलावलंच नव्हतं, ती दारात उभी राहून बघत होती. मला त्या नर्सचा चेहरा अजून दिसतो. आपल्याकडे जामखेडला आरोळे डॉक्टर नवरा-बायकोने १९७० पासून गावातल्याच, अगदी न शिकलेल्या बायकांना शिकवून काम उभं केलं, ते पण श्रद्धावान ख्रिश्चनच होते की. म्हणजे धर्म आडवा येत नाही, घाई आडवी येते.

तुझ्या लेकीने क्लिनिकच्या दिवशी बीपी बघणं, इंजेक्शन धरणं असलं काहीही करायचं नाही. ती १६ ची आहे. इकडे टेक्सासमध्ये तिला कुणी हात लावू देईल का पेशंटला? मग तिकडे का?

अजून एक, शेड्यूलमध्ये अनाथाश्रमाला भेट आहे का बघ. असेल तर सरळ नको म्हण. अशा ठिकाणची बरीच मुलं अनाथ नसतातच, आई-बाप गरीब असतात एवढंच, आणि पाहुणे येतात म्हणून आश्रम चालतात.

भटकी_जमात
+१०० फार्मसीवालीला. आणि ग्वाटेमालात तर जास्तच. तिथून २००७ या एका वर्षात चार हजारांहून जास्त मुलं अमेरिकेत दत्तक गेली, त्यात चोरलेली, फसवून घेतलेली निघाली, मग ते सगळं बंद करावं लागलं. त्यामुळे गावात गोरी किंवा बाहेरची माणसं पोरं उचलून सेल्फी काढायला लागली की आया बिथरतात, अफवेवरून परदेशी लोकांना जमावाने मारल्याचे प्रकार झालेत. आईला विचारल्याशिवाय पोराचा फोटो नाही, कडेवर घेणं नाही.

प्लानोकरीण
बापरे, केवढं लिहिलंत सगळ्यांनी, खूप आभार. अपडेट देते. काल पास्टरला भेटले, नवऱ्याला पण ओढून नेलं. माणूस बरा निघाला, वयाने अगदीच लहान. चुलींचं काम तिथल्याच एका संस्थेचं आहे, त्यांचा माणूस वर्षातून दोनदा घरोघरी फिरून पाइप बघतो, आणि हे लोक त्याच गावात परत परत जातात. टेस्टिमनी नाही दिली तरी चालेल म्हणाला. मूर्तिपूजेचं विचारलं तेव्हा जरा गडबडला, मग म्हणाला आम्ही दुसऱ्यांच्या श्रद्धेबद्दल वाईट बोलत नाही. लेक शेजारीच बसलेली, ती म्हणाली 'ओके, आय विल होल्ड यू टू दॅट'. नवरा तेव्हापासून खुशीत आहे 😀 क्लिनिकच्या दिवशी ती चुलीच्या टीमबरोबर राहणार. पैसे अर्धे ती, अर्धे आम्ही, पत्रं कुणाला नाहीत. सासूबाईंनी एकच अट घातलीये, गोमांस खायचं नाही.

आता प्रश्न असा की नवरा मे अखेरीपासून दीड महिना पुण्याला असणार. आई-बापाच्या संमतीचं पत्र लागतं म्हणे, मग माझी एकटीची सही चालेल का?

नगरी_ह्यूस्टनकर
दोघांची घे, उगाच काउंटरवर घोळ नको. नवरा जायच्या आधी दोघं बँकेत जा, तिथे बहुतेक वेळा नोटरी फुकट करून देतात. पत्रात ग्रुपबरोबर जाणाऱ्या मोठ्या माणसाचं नाव, तारखा आणि इमर्जन्सीत उपचार करायची परवानगी असू दे, स्पॅनिश कॉपी पण जोड. इन्शुरन्समध्ये मेडिकल इव्हॅक्युएशन (आजारी माणसाला तिथून हलवून मोठ्या हॉस्पिटलात न्यायचा खर्च) आहे ना ते बघ, डोंगरातून ग्वाटेमाला सिटीला आणायलाच कित्येक तास जातात. आणि स्टेट डिपार्टमेंटची (अमेरिकन परराष्ट्र खात्याची) प्रवासाबद्दलची अ‍ॅडव्हायजरी निघायच्या आठवड्यात परत वाच, मी बघितली तेव्हा लेव्हल ३ होती (चारपैकी तिसरी पायरी, 'जाण्याचा फेरविचार करा'), म्हणून रात्रीचा रस्त्याने प्रवास ठेवलाय का ते पास्टरला विचारायचं राहिलं असेल तर विचार.

फार्मसीवाली
टायफॉइडचं इंजेक्शन निघायच्या निदान दोन आठवडे आधी. टेक्सासच्या शाळेत शिकलीये म्हणजे हेपटायटिस ए झालेलं असणार, तरी रेकॉर्ड काढून बघ. आणि स्वेटर दे, जून असला तरी तिकडे उंचावर रात्री चांगलीच थंडी असते.