ठाण्याचं कारागृह हलवून किल्ला खुला करावा का?

खारकरआळी
ठाण्याचा इतिहास म्हटलं की सगळे १६ एप्रिल १८५३ च्या रेल्वेपाशी थांबतात. खरा ऐवज कारागृहाच्या भिंतीआड आहे, कारण कारागृह किल्ल्यातच आहे. पोर्तुगीजांचा हा अर्धवट किल्ला १७३७ मध्ये मराठ्यांकडे आला आणि डिसेंबर १७७४ मध्ये इंग्रजांनी घेतला. १७८७ मध्ये आत पाया खणताना शिलाहार राजा अरिकेसरीचा शके ९३९ चा (इ.स. १०१७) ताम्रपट सापडला. १८१६ मध्ये दुसऱ्या बाजीरावाचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे इथल्या कैदेतूनच निसटले. १९ एप्रिल १९१० ला अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याच्या वधाबद्दल इथेच फाशी दिली. कैदी शहराबाहेर न्या, तट-बुरूज लोकांना फिरू द्या. मासुंदा तलाव, कौपिनेश्वर मंदिर, किल्ला अशी पायी फेरी झाली तर जांभळी नाक्याच्या दुकानदारांचंही भलं होईल.

कोर्टनाका
विरोध. आतले बरेचसे कच्चे कैदी आहेत आणि न्यायालय हाकेच्या अंतरावर. कारागृह लांब नेलंत की तारखेला आणण्यासाठी पोलीस बंदोबस्त, गाड्या आणि घोडबंदर रोड नाहीतर मुंब्रा बायपासची कोंडी. बंदोबस्त मिळाला नाही की तारीख पुढे जाते, माणूस आतच राहतो. व्हिडिओच्या पडद्यावरून हजेरी होते, पण वकिलाशी नीट बोलणं होत नाही. आणि भेटीला येणारे नातेवाईक? त्यांना स्टेशनजवळचं कारागृह परवडतं.

चुनासुरखी
दोघंही डागडुजीबद्दल बोलत नाहीत, आणि किल्ले तिथेच मरतात. असे तट म्हणजे बाहेरून-आतून दगड, मध्ये चुन्यात बसवलेला भराव. दगडांमधल्या दरजा (सांधे) सिमेंटने भरल्या की वरून मुरलेलं पाणी बाहेर पडू शकत नाही. ते भरावातला चुना धुऊन नेतं आणि काही पावसाळ्यांत भिंतीला पोट येतं. खाडीकाठच्या हवेतलं मीठ वेगळंच.
बरोबर काम असं: सैल मसाला दरजेच्या रुंदीच्या दुप्पट खोल खरवडायचा, भिंत भिजवायची, मग एक भाग मुरवलेला चुना, एक भाग सुरखी (विटांची पूड), दोन भाग धुतलेली वाळू. चुना किमान पंधरा दिवस मुरलेला हवा. थर १० मिमीपेक्षा जाड नको, नाहीतर तडकतो. वर ओलं गोणपाट आठ-दहा दिवस. काम दसऱ्यानंतर काढायचं, पावसात चुना बसत नाही.
पिंपळ उपटू नका, मुळाबरोबर दगड येतात. बुंधा कापून लगेच ताज्या कापावर तणनाशक लावा, मूळ मेल्यावर पोकळीत पातळ चुना खालून वर भरा.
हे जमणारे गवंडी कमी आणि निविदा सगळ्यात कमी दराला जाते. त्यामुळे 'खुला करा' म्हणताना मला भीतीच वाटते.

खारकरआळी
मग आज तिथे चुन्यात कोण काम करतंय? बंद ठेवल्याने पिंपळ थांबत नाही. उलट लोकांची ये-जा असली की पडलेला दगड निदान दिसतो. नवी मुंबईत बेलापूरला किल्ले गावठाणाजवळ तिथल्या किल्ल्याचं काय उरलंय ते पाहा. तिथे तर कारागृहही नव्हतं.

कोर्टनाका
बेलापूरने तर माझंच म्हणणं सिद्ध केलं! रिकाम्या किल्ल्याला वाली नसतो. कारागृह आहे म्हणून ठाण्यात निदान अतिक्रमण झालं नाही.

राबोडीवाला
एक व्यवहाराची गोष्ट. केंद्रीय संरक्षित स्मारक मागत असाल तर हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम बंद आणि त्यापुढचे २०० मीटर परवानगीशिवाय काही नाही. भोवतालच्या जुन्या इमारती पुनर्विकासाची वाट बघतायत, त्यांतली माणसं तुमच्या पायी फेरीला टाळ्या वाजवणार नाहीत. महापालिकेच्या वारसा यादीत श्रेणी घेऊन काम भागत असेल तर तेवढंच मागा. आणि कारागृह हलणार असेल तर मोकळ्या जागेचं आरक्षण आधी विकास आराखड्यात लिहून घ्या. स्टेशनपासून चालत जाता येईल अशी जमीन ठाण्यात मोकळी राहते का, तुम्हीच सांगा.