रोजचे कपडे : काय टिकलं, काय सुटलं? (अनुभव धागा)

केतकी
रविवारी कपाट आवरायला काढलं. पलंगावर कुर्त्यांचा ढीग लागला, मोजले तर ३१ निघाले. त्यातले आलटूनपालटून अंगावर येतात ते सहा. बाकीचे पंचवीस नुसते घडीवर घडी बसलेत. मग ढिगाशेजारीच बसून बघत राहिले, या सहांतच एवढं काय आहे? रंग निरनिराळे, दोन महागातले, एक तर तुळशीबागेत घासाघीस करून उचललेला. साम्य निघालं ते एवढंच : सहाही गुडघ्याच्या जरा खाली थांबतात, बाह्या कोपरापर्यंत आहेत आणि एकावरही ओढणी लागत नाही.

ओढणी का सुटली ते पक्कं आठवतंय. डोंबिवलीहून सकाळची फास्ट. ठाण्याला उतरताना ओढणीचं टोक एका मुलीच्या सॅकच्या चेनमध्ये अडकलं. मी फलाटावर, ती डब्यात, आणि गाडी हलली. खांद्यावरची पिन कुर्त्याचा धागा उसवून निघाली म्हणून मी जागेवर राहिले. ओढणी गेली दादरला. त्यानंतर दुकानात 'थ्री पीस' म्हणून सेट पुढे आला की मी म्हणते, दोनच द्या.

तर तुमच्याकडे काय टिकलं, काय सुटलं आणि कशामुळे, ते लिहा. पैठणी आणि रिसेप्शनचे घागरे कृपया नकोत, त्यावर भरपूर बोलून झालंय. सोमवार ते शनिवारचं सांगा.

मास्तरीण
जि. प. शाळेत २२ वर्षं. साडीच.

मार्च २०२४ मध्ये शिक्षकांच्या पेहरावाचा शासन निर्णय निघाला. बायकांनी साडी किंवा सलवार-कुर्ता-दुपट्टा घालावा, जीन्स-टीशर्ट नको, वगैरे. शहरातल्या मैत्रिणी ग्रुपवर तावातावाने भांडत होत्या. आमच्या केंद्रात कुणाच्या भुवया हलल्या नाहीत, कारण आमच्या गावांनी हा जीआर कधीचाच काढलेला. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात मी पंजाबी ड्रेस घालून गेले, तर एक आजी 'नव्या बाई लग्नाच्या आहेत का, पोरगा बघितलाय' म्हणत वर्गात आल्या. माझ्या लग्नाला तेव्हा दोन वर्षं झाली होती. दुसऱ्या आठवड्यापासून साडी.

पण सुती नाही हं. सुती साडीचं कौतुक करणाऱ्यांनी पहाटे दोन डबे भरून, खळ घातलेली साडी इस्त्री करून, ती नेसून १८ किलोमीटर स्कूटी चालवून दाखवावी. माझ्या पाच जॉर्जेट आहेत. रात्री खंगाळून दोरीवर टाकायची, सकाळी वाळलेली. चुरगळत नाही, खडूची पूड झटकली की जाते. पदराला खांद्यावर एक पिन, निऱ्यांना एक. निऱ्यांची पिन आतल्या बाजूने परकरासकट लावायची, नाहीतर गाडीवरून उतरताना निऱ्या हातात येतात. (एकदा आल्यात. गावच्या चावडीसमोर. तो विषय इथेच थांबवते.)

पाच साड्या, पाच वार, आणि शनिवारच्या सकाळच्या शाळेला सोमवारचीच. मला वाटायचं हे कुणाच्या ध्यानात येत नसेल. एकदा बुधवारची जांभळी वाळली नाही म्हणून गुरुवारची हिरवी नेसून गेले. फळ्यावर वार-तारीख लिहायला पहिलीतल्या पोराला उठवलं, त्याने गुरुवार लिहिला. म्हटलं, अरे आज बुधवार. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "बाई, मग तुम्ही चुकलाय."

लिंबूटिंबू
मास्तरीणबाई, हसून हसून पुरेवाट!!

चिमूटभर
धागा छान. पण ओढणीशिवाय पंजाबी ड्रेस मला अजूनही अर्धवट वाटतो. अंगावर काहीतरी राहून गेल्यासारखं. वय झालं म्हणा.

लिंबूटिंबू
@चिमूटभर, काकू, वाटू दे की. मी २३ वर्षांची आहे आणि बाबांचे जुने शर्ट घालून ऑफिसला जाते. आई म्हणते, लोक विचारतील घरात कपडे नाहीत का. कुणीही विचारलेलं नाही. उलट टीममधली एक विचारत होती, कुठल्या ब्रँडचा आहे.

आईच्या साड्याही लंपास करते. मला लागतात तिच्या रोजच्या नारायणपेठी, ज्या आता मऊ पडल्यात आणि ज्यांना ती 'पोतेरं करायच्या लायकीच्या' म्हणते. तिचे ब्लाउज मला होत नाहीत. तिचं माझ्या वयाचं माप बघितलं तर दंडातून माझी मूठच जाईल. म्हणून टीशर्टवर नेसते. पहिल्यांदा नेसले तेव्हा आजी नुसतं बघत बसली आणि म्हणाली, आमच्या गावात म्हाताऱ्या ब्लाउज घालायच्याच नाहीत, तू निदान हे तरी घातलंयस. आईचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

खडूस
पुरुष आयडी आहे, चालेल ना? एक निरीक्षण. माझ्या पँटला चार खिसे, शर्टाला एक. बायकोच्या एकाही ड्रेसला खिसा नाही. त्यामुळे कुठेही बाहेर निघालो की तिचा मोबाइल, घराची किल्ली, लिपस्टिक आणि केसांचा चाप माझ्याकडे. परवा मीटिंगमध्ये पेन काढायला गेलो आणि चाप काढला.

जाईजुई
खिशावरून आजी आठवली. सोलापूरकडची. जन्मभर नऊवारी इरकली लुगडं. कर्नाटकातल्या इलकलहून बाजारात यायचं ते, लाल पदर आणि त्यावर पांढरे पट्टे. तिला खिशाची गरजच नव्हती. कनवटीला पैसे, कमरेला चंची, आणि ओच्यात काय वाटेल ते : शेंगा, रस्त्यात सापडलेलं लिंबू, आम्हा नातवंडांसाठी देवळातला प्रसाद. बसमध्ये कंडक्टर समोर आला की ती कमरेशी हात नेऊन दोन बोटांनी घडी केलेली नोट काढायची. ती नोट कोमट असायची. आमच्या आया सहावारीत आल्या, ओचा आणि कनवट गेली, आणि पाकीट हातात आलं. दुसऱ्या हाताने मूल, पिशवी, छत्री काय धरायचं ते धरा.

दुसरी बाजूही सांगते. शेवटच्या आजारपणात मी तिला आंघोळ घालायचे. कमरेवर उजव्या बाजूला एक जाड, काळा, खरबरीत पट्टा होता. ६० वर्षं एकाच जागी लुगड्याची गाठ. "दुखतं का?" विचारलं तर म्हणाली, ते आता कातडंच आहे. पुढे २०२४ मध्ये वर्धा आणि बिहारमधल्या डॉक्टरांनी अशाच दोन बायकांबद्दल वैद्यकीय नियतकालिकात लिहिल्याची बातमी वाचली. कमरेला वर्षानुवर्षं घट्ट बांधल्याने जखम झाली, ती भरेना आणि तिचा कॅन्सर निघाला. हे क्वचितच होतं, घाबरायचं कारण नाही. पण मी त्याच दिवशी आईच्या सगळ्या परकरांच्या नाड्या काढून रुंद पट्टा शिवून आणला. आई म्हणे सैल वाटतं, साडी सुटेल. सहा महिने झाले, सुटलेली नाही. रोज साडी नेसणाऱ्यांनी निदान नाडीची जागा तरी थोडी खालीवर करत जा, आणि तिथे काही चिघळलं, भरत नसलं तर दाखवून घ्या.

निळी शाई
माझा अनुभव कडू आहे. एका मोठ्या दुकानात रॅककडे वळले तेवढ्यात विक्रेती मुलगी लांबूनच म्हणाली, "ताई, तुमच्या साइजचं नाही इकडे." मी हातही लावला नव्हता. आणि मी भाचीसाठी बघत होते.

तेव्हापासून तयार कपडे बंद. कापड घेते आणि शिवते. सुती छापील, पन्हा (कापडाची रुंदी) ४४ इंच, अडीच मीटर. पन्हा ३६ असेल तर तीनच्या वर लागतं, हे ठोकर खाऊन शिकले. तयार कपड्यात एक्सेल, डबल एक्सेल करत स्वतःला अक्षरांत कोंबत होते. इथे शिंपीदादा टेप लावतो, ४६ म्हणतो, वहीत लिहितो, संपला विषय. ४६ हा आकडा त्याच्यासाठी तेवढाच, जेवढा ३२.

पानगळ
शिकागो. इथे टिकलं काय तर टिकली. बाकी सगळं थंडीने ठरवलं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला हौसेने आईची काळी चंद्रकळा नेसले. आत परकराऐवजी लोकरी लेगिंग, पायात बर्फाचे बूट. पार्किंगपासून हॉलपर्यंत पन्नास पावलं. बर्फ वितळायला रस्त्यावर मीठ टाकतात, ते काठाला लागलं आणि वाळल्यावर गुडघ्यापर्यंत पांढरे ठिपके. चंद्रकळेवर चांदण्या फुकटात. आईला फोटो पाठवला, तिने फक्त 'गार पाण्यात भिजव' एवढंच लिहिलं.

सुईदोरा
मी नाशिकला शिवणकाम करते, १६ वर्षं झाली. वाचत होते, आता राहवलं नाही.

खिसे का नसतात ते सांगते. कुर्त्याला दोन्ही बाजूंना कट असतो. खांद्यापासून कंबर साधारण १४-१५ इंचांवर येते आणि कट सुरू होतो २१-२२ वर. म्हणजे बाजूच्या शिवणीत खिशाच्या तोंडाला जागा उरते जेमतेम सातेक इंच. हात जातो, पण पिशवी खाली लोंबते आणि चालताना कटामधून डोकावते. म्हणून पिशवी पुढच्या भागाकडे वळवून कटाच्या पट्टीत पकडावी लागते. हे अर्ध्या तासाचं जास्तीचं काम आहे. घाईतला कारागीर "खिशाने फिटिंग बिघडतं" म्हणून मोकळा होतो. बिघडतं, पण पातळ रेयॉन असेल तर. मोबाइलच्या वजनाने एक बाजू ओढली जाते. जरा जाड सुती घ्या आणि पिशवी अस्तराच्या नाही, पॉपलिनची करायला सांगा. अस्तराची चार महिन्यांत किल्लीने फाटते.

ब्लाउजचंही सांगून टाकते, कारण सगळ्या भांडणांचं मूळ तेच. 'पहिल्या धुण्यात आवळला' म्हणून बायका येतात. वरचं कापड बहुतेक वेळा निर्दोष असतं, आटतं ते अस्तर. सुती अस्तर कापण्याआधी रात्रभर भिजवून वाळवायला हवं. मी विचारते, तर गिऱ्हाईक म्हणतं उद्याच हवाय. मग मी काय करणार? आणि दुसरं, बाजूला आणि बाहीला आत माया, म्हणजे शिवणीत जास्तीचं कापड, ठेवायला सांगा, इंचभर तरी. माया कापून टाकणाऱ्याकडे परत जाऊ नका. माझ्याकडे एका बाईंचा १५ वर्षांपूर्वीचा ब्लाउज आहे. दोन बाळंतपणं झाली, आजारपण झालं, तो तीनदा उसवून सैल केला आणि एकदा आत घेतला. जुन्या शिवणींच्या भोकांच्या चार रेघा दिसतात आतून. त्या दुसरा शिवत नाहीत, म्हणतात हाच.

आणि @निळी शाई, वहीत आम्ही आकडाच लिहितो. पण मनात म्हणतो, मोंढा (बाही जोडतो तो काखेचा गोल) नीट बसला पाहिजे. मोंढा चुकला की ३२ ला पण हात वर करता येत नाही.

मास्तरीण
सुईदोराताई, मायेचं आधी कुणी सांगितलं असतं तर माझे किमान दहा ब्लाउज वाचले असते. बोहारणीला दिले. एक पातेलं आलं.

चिमूटभर
नवरात्रातल्या नऊ रंगांबद्दल कुणीच कसं लिहिलं नाही? पेपरात छापून आलेले रंग, आणि अख्खा लेडीज डबा एका रंगाचा. मला आवडतं ते. ओढणी तेव्हा कामाला येते, ड्रेस कुठलाही असो, वरून रंगाची ओढणी टाकली की झालं. (केतकी, ऐकतेयस ना.)

लिंबूटिंबू
काकू, हा मुद्दा मान्य. एक ओढणी द्या, मोरपंखी नाहीये माझ्याकडे.

केतकी
एवढे प्रतिसाद! सावकाश सगळ्यांना उत्तरं देते. तोवर ही बातमी.

सुईदोराचा प्रतिसाद मोबाइलवर उघडून थेट आमच्या टेलरपुढे धरला. त्यांनी चष्मा वर करून दोनदा वाचला. "ही बाई शिकलेली आहे," म्हणाले. मग पंचवीसातले तीन सुती कुर्ते ठेवून घेतले, उजव्या बाजूला खिसा, पॉपलिनचा. कापड उरलेलं नव्हतं, म्हणून एकाला त्याच सेटच्या पडून असलेल्या ओढणीची पट्टी आतून लावली.

आज तो घालून निघाले. आत रेल्वेचा पास, किल्ली आणि मोबाइल. हातात काही नाही. फलाटावर सवयीने पर्सचा पट्टा धरायला हात गेला, पट्टाच नव्हता, म्हणून हात खिशात घातला आणि तसाच ठेवला. शेजारच्या आमच्या रोजच्या मैत्रिणीने वरपासून खालपर्यंत बघितलं आणि काळजीने विचारलं,

"काय गं, थंडी वाजतेय का?"